देवळीचे पाच आकडे

२३४२, २३७५, २३५७, २३५५, २३६८.

या पाच आकड्यांत अख्खी देवळी मावली आहे. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की येणारं हे तालुक्याचं गाव संगणकाच्या पोटात असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा ‘द’चा, दुसरा त्याच्या मात्रेचा, मग ‘व’, मग आपला लाडका ‘ळ’ आणि शेवटी दीर्घ वेलांटी. साठवण्याच्या रूढ पद्धतीत प्रत्येक आकड्याला तीन बाइट लागतात, म्हणजे गावाचं नाव पंधरा बाइटांत बसलं. आता यातलं नवल बघा. संगणकावर विंडोज असो, लिनक्स असो, मॅक असो, नाहीतर हातातला मोबाइल असो, आकडे हेच पाच. एकही इकडचा तिकडे होत नाही.

हे आत्ताच सांगण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणं थांबवलं. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना आणखी एका वर्षाची मुदत मिळाली, एवढंच. विंडोज ११ घ्यायचं तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय हवी आणि प्रोसेसर त्यांच्या यादीतला हवा. २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. तालुक्याच्या गावातल्या संगणकांचा विचार करा. झेरॉक्सच्या दुकानातला, लग्नपत्रिका जुळवणाऱ्याचा, अर्ज टाइप करून देणाऱ्याचा, मुलांच्या क्लासमधला. यंत्र ठणठणीत आहे, पडदा लख्ख आहे, छपाई होते आहे. मग हे भंगारात द्यायचं? की त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम बदलून लिनक्स टाकायचं? आणि टाकलं तर आतल्या दहा वर्षांच्या फायलींचं काय होईल?

त्यासाठी आधी ऑपरेटिंग सिस्टीम करते तरी काय, ते पाहू.

शेत तुमचं, बैल तुमचे, घामही तुमचाच. पण सातबाऱ्यावरची नोंद तुम्हाला स्वतःच्या हातानं बदलता येत नाही. तलाठ्याकडे जावं लागतं, ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यावा लागतो. संगणकातल्या प्रत्येक प्रोग्रॅमची स्थिती हुबेहूब अशीच असते. बेरीज-वजाबाकी तो आपली आपण करतो, पण डिस्कवर एक अक्षर लिहायचं, पडद्यावर एक ठिपका उमटवायचा किंवा किबोर्डचं एखादं बटण दाबलं गेलं का ते जाणून घ्यायचं, तर ऑपरेटिंग सिस्टीमकडे अर्ज करणं भाग. ही नुसती शिस्त आहे असं समजू नका. प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच दोन दर्जे कोरलेले आहेत. साध्या दर्जात चालणाऱ्या प्रोग्रॅमनं डिस्कला परस्पर हात लावायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर त्याला तिथल्या तिथे थांबवतो. तुम्ही एखादी फाइल उघडता तेव्हा डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात असे हजारो अर्ज जातात, मंजूर होतात आणि उत्तरं परत येतात.

म्हणून विंडोजचा प्रोग्रॅम लिनक्सवर थेट चालत नाही. दोन्हीकडचा प्रोसेसर एकच आहे, दोन आकडे मिळवण्याची आज्ञा दोन्हीकडे बाइटला बाइट सारखी आहे. अडतं ते अर्जाच्या नमुन्यापाशी! शेत तेच, पीक तेच, तलाठी मात्र नवा आणि त्याचे छापील नमुने वेगळे. हे लक्षात आलं की १९९३ पासून चालत आलेला ‘वाइन’ हा प्रकल्प किती सुंदर आहे ते कळतं. विंडोजच्या नमुन्यातला प्रत्येक अर्ज तो मध्येच अडवतो, लिनक्सच्या नमुन्यात उतरवून पुढे पाठवतो आणि उत्तर पुन्हा विंडोजच्या भाषेत परत देतो. बिचाऱ्या प्रोग्रॅमला कळतही नाही की आपण दुसऱ्याच मुलखात आलो आहोत. सगळेच प्रोग्रॅम असे चालतात असं नाही, पण एकसुद्धा चालावा हेच मला अजून अद्भुत वाटतं.

लिनक्स आपल्याकडे कोण वापरतं, असं अजूनही विचारलं जातं. उत्तर ऐकून थक्क व्हाल. वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात तुमच्या दाव्याची पुढची तारीख नोंदवली जाते ती ‘सीआयएस’ नावाच्या प्रणालीत. देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी ती घडवली केंद्र सरकारच्या एनआयसीच्या पुण्यातल्या चमूनं. तिचा पाया मुक्त सॉफ्टवेअरचा आहे आणि न्यायालयांच्या संगणकांसाठी ई-कोर्ट प्रकल्पानं उबुंटू लिनक्स स्वीकारलं. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून तुम्ही मोबाइलवर तारीख बघता, तो मोबाइल अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या गाभ्यातही लिनक्सच. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक? नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर. बाजाराच्या दिवशी देवळीत जमलेल्या माणसांपैकी लिनक्सचं नावही न ऐकलेला माणूस ते खिशात घेऊन फिरत असतो.

आता एका वर्षाकडे वळू या, कारण ते वर्ष मला कधीच सोडत नाही. १९९१.

त्या वर्षी २५ ऑगस्टला हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलानं जाहीर केलं की तो छंद म्हणून एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय. तेच लिनक्स. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा आकडा द्यायचा या विलक्षण संकल्पाची. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोनं ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचं संगणकीय मानक प्रसिद्ध केलं. आणि त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकनं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. हे सगळं एकाच वर्षी घडावं असं कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. पण आज देवळीतला एखादा जुना संगणक लिनक्सवर मराठी दाखवतो, तेव्हा यातले पहिले तीन धागे एकाच पडद्यावर येऊन मिळतात.

इस्कीची कथा तर खास आपली. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम सुरू झालं, मोहन तांबे यांनी त्याची धुरा वाहिली आणि १९८८ मध्ये ते काम पुण्याला सी-डॅकमध्ये आलं. त्यामागचं निरीक्षण इतकं साधं की आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं. देवनागरी, गुजराती, बंगाली, तेलुगू, कन्नड या लिप्या दिसायला निरनिराळ्या, पण सगळ्या ब्राह्मीच्या लेकी. वर्णमालेचा क्रम सगळ्यांचा एकच. क, ख, ग, घ. मग प्रत्येकीसाठी वेगळं कोष्टक कशाला? एकच कोष्टक पुरेल!

युनिकोडनं भारतीय लिप्या घेताना इस्कीच्या १९८८ च्या आराखड्याचा आधार घेतला. प्रत्येक लिपीला १२८ घरांचा स्वतंत्र वाडा दिला, पण आतल्या खोल्यांचा क्रम तोच ठेवला. याचा परिणाम काय झाला ते स्वतः करून पाहा. सुरुवातीचे देवळीचे पाच आकडे घ्या आणि प्रत्येकात ७६८ मिळवा. ३११०, ३१४३, ३१२५, ३१२३, ३१३६. हे काय झालं? ही तेलुगू लिपीतली देवळी! पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या माणसाला ती बिनचूक वाचता येईल. ७६८ ऐवजी ३८४ मिळवा, गुजराती देवळी तयार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका लिपीचं नातं आज साध्या बेरजेत उतरलं आहे, यापरतं सुंदर काय असेल?

किबोर्डचंही तसंच. इनस्क्रिप्ट ही सरकारी मांडणी शिकलेल्या बोटांना डावीकडे स्वर-मात्रा आणि उजवीकडे बरीचशी व्यंजनं सापडतात, आणि ‘क’ ज्या बटणावर मराठीत आहे त्याच बटणावर तेलुगूत आणि बंगालीतही आहे. ही मांडणी विंडोजमध्ये असते, लिनक्समध्ये असते. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी बोटांनी कमावलेलं शिक्षण जसंच्या तसं सोबत येतं. रोमन अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांसाठी गमभनची मांडणीही लिनक्सवर मिळते.

मग सगळं आलबेलच म्हणायचं का? नाही. खरी अडचण आता येते, आणि ती समजून घेण्यात फार मजा आहे.

‘वर्धा’ हा शब्द कागदावर लिहून बघा. हात आधी ‘व’ काढतो, मग ‘ध’, मग काना, आणि सगळ्यात शेवटी वर रफार. आता तोच शब्द मोठ्यानं म्हणा. जिभेवर ‘र्’ कधी येतो? ‘ध’च्या आधी! हाताचा क्रम वेगळा, जिभेचा वेगळा. हजारो वेळा लिहूनही हे आपल्या ध्यानात येत नाही. युनिकोड जिभेच्या बाजूनं उभं राहतं: व, र, हलन्त, ध, काना. हे आकडे आले की लिनक्समधला ‘हार्फबझ’ नावाचा छोटा प्रोग्रॅम (क्रोम आणि फायरफॉक्सही तोच वापरतात) क्रम ओळखतो, ‘र’ला रफाराचं रूप देतो आणि उचलून ‘धा’च्या डोक्यावर नेऊन ठेवतो. ‘हिंगणघाट’मध्ये उलटी कसरत. ऱ्हस्व वेलांटी साठवलेली असते ‘ह’च्या नंतर, पण दाखवायची असते ‘ह’च्या आधी. तुम्ही टाइप करता तसतशी ही उचल-ठेव अक्षरागणिक, क्षणाक्षणाला चाललेली असते.

युनिकोड रुळायच्या आधी मात्र आपल्याकडे दुसरंच राज्य होतं. सुरेख, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव. या फॉन्टांनी महाराष्ट्रातली छपाई वर्षानुवर्षं उभी ठेवली, त्यांचे उपकार थोडे नाहीत. पण त्यांची युक्ती होती चित्राची. कृतिदेवात टाइप केलेला ‘भारत’ घ्या. पडद्यावर स्वच्छ ‘भारत’ दिसतो, फाइलमध्ये मात्र पाच इंग्रजी अक्षरं असतात: मोठा एच, मग दोनदा के, मग जे, मग आर. फॉन्ट एवढंच करतो की ‘एच’च्या जागी अर्ध्या ‘भ’चं चित्र काढतो, ‘के’च्या जागी उभ्या दांड्याचं. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नसतंच! आणि ही मांडणी टाइपरायटरवरून आलेली असल्यानं ती हाताच्या क्रमानं चालते. तिथे ‘वर्धा’चा रफार सगळ्यात शेवटी साठवलेला असतो, ‘हिंगणघाट’ची वेलांटी सगळ्यात आधी.

म्हणजे जुन्या अर्जांच्या फायली नव्या संगणकावर नेल्या आणि तो फॉन्ट तिथे नसला, तर समोर इंग्रजी अक्षरांचा खच पडतो. कुणी म्हणेल फाइल बिघडली. फाइल बिघडलेली नसते, चित्रं काढणारा सोबत आलेला नसतो. अशा मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत. ते नुसती अक्षरामागे अक्षर अदलाबदल करत नाहीत, प्रत्येक रफार आणि प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी हाताच्या जागेवरून उचलून जिभेच्या जागेवर नेतात. माझं स्पष्ट मत आहे की ऑपरेटिंग सिस्टीम बदलायचा बेत पक्का होवो न होवो, हे रूपांतर आजच करून घ्यावं. एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की तो कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही फॉन्टच्या दावणीला बांधलेला राहत नाही.

एक बारीक पण गोड गोष्ट इथेच सांगतो. महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर २००९ मध्ये शासन निर्णय काढून मराठीसाठी ‘ल’ आणि ‘श’ची रूपं ठरवून दिली. आपला पाकळीचा ‘ल’ हिंदीपेक्षा निराळा दिसतो. पण आकडा दोघांचा एकच, २३५४. मग कुठला ‘ल’ काढायचा हे कसं ठरतं? चांगल्या देवनागरी फॉन्टच्या पोटात दोन्ही चित्रं असतात. मजकूर मराठी आहे अशी खूण असली की मराठी ‘ल’ पुढे येतो. म्हणून लिनक्स टाकताना भाषा विचारली की तिथे मराठी निवडा.

आता बेताकडे. याबाबतीत माझा आदर्श आहे फ्रान्सचं जांदार्मरी हे पोलिस दल. त्यांनी विंडोज सोडलं, पण कसं? २००५ मध्ये विंडोज तसंच ठेवून आधी फक्त ऑफिसचे प्रोग्रॅम बदलले, ओपनऑफिस आणलं. मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. माणसांचे हात त्यांना सरावले, आणि मग २००८ पासून खालून उबुंटू सरकवलं. समोरचे प्रोग्रॅम तेच, त्यामुळे धक्का बसलाच नाही. आज त्यांचे बहुतांश संगणक त्यावर चालतात. म्युनिक शहरानं सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत फिरायचं ठरवलं. त्यात राजकारणही होतं, खोलात जात नाही. देवळीतल्या दुकानाला उपयोगाचा आहे तो जांदार्मरीचा क्रम: आज विंडोजवरच लिब्रेऑफिस टाका आणि महिनाभर त्यात पत्रं लिहा. त्याचा ‘ड्रॉ’ पेजमेकरच्या जुन्या फायलीही उघडतो. फाइलची आतली रचना जाहीर नसताना बाहेरच्या माणसांनी ती बाइट न् बाइट तपासून उलगडली आणि म्हणून आज तुमची जुनी लग्नपत्रिका पुन्हा दिसू शकते. मांडणी थोडी हलेल, ती नीट करून घ्यावी लागेल.

टॅलीसारखा विंडोजसाठीच बनलेला प्रोग्रॅम, आधारचं बोटाचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, स्कॅनर, यांची यादी मात्र आधी करायलाच हवी. प्रत्येकाचं लिनक्ससाठी सॉफ्टवेअर आहे का ते तपासल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. विंडोज उघडेनासं झालं आणि ती नसेल, तर डिस्कवरचा मजकूर कुणालाही वाचता येत नाही, अगदी मालकालाही.

हे सगळं करून पाहायला यंत्रातलं काहीही पुसावं लागत नाही, हे कळलं तेव्हा मी चकित झालो होतो. लिनक्सची प्रतिमा-फाइल उतरवायची आणि पेनड्राइव्हवर चढवायची. उतरवताना मोबाइलच्या नेटनं मध्येच दगा दिला तर? त्यावर उपाय आहे चौसष्ट चिन्हांची एक खूण. काही जीबींच्या त्या फाइलमधला एक, फक्त एक बिट बदलला तरी खुणेतली जवळजवळ सगळी चिन्हं बदलून जातात. जाहीर केलेली खूण आणि तुम्ही उतरवलेल्या फाइलवरून काढलेली खूण जुळली, म्हणजे अब्जावधी बिट जसेच्या तसे देवळीत पोचले.

मग पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करायचा. पेनड्राइव्हवरचं लिनक्स फक्त वाचलं जातं, आणि तुम्ही केलेला प्रत्येक बदल मेमरीत, वरच्या पातळ थरावर लिहिला जातो. डिस्कवरचं विंडोज खाली शांत झोपलेलं. प्रिंटर चालतो का, वायफाय पकडतं का, स्कॅनर ओळखतो का, सगळं बघून घ्या. बंद केलं की तो थर विरतो आणि विंडोजला कशाचा पत्ताही नसतो. काही दिवस असं वापरून मन भरलं, फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून झाली, की मग विंडोजशेजारी जागा करून लिनक्स कायमचं टाकावं. सुरुवातीला दोन्ही नांदू द्यावीत, असं माझं सांगणं आहे.

दोन्ही नांदू लागली की एक चमत्कार हमखास दिसतो. लिनक्समध्ये काम करून विंडोज उघडावं, तर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे! बिघाड कुठेच नाही. मदरबोर्डवरच्या बटणाएवढ्या सेलवर चालणाऱ्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची, आणि आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायची आज्ञा एकदा दिली की भांडण मिटतं.

याहून खोल फरक डिस्कवर दडलेला आहे. फाइल कधी लिहिली याची नोंद लिनक्स १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत ठेवतं. विंडोजची एनटीएफएस पद्धत मोजायला सुरुवात करते १ जानेवारी १६०१ पासून, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या २९ वर्षं आधीपासून, आणि मोजते सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत. दोन आरंभांमध्ये ११,६४,४४,७३,६०० सेकंदांचं अंतर आहे. तुम्ही जुन्या अर्जांचा फोल्डर तारखांसकट विंडोजच्या भागातून लिनक्सच्या भागात आणता, तेव्हा प्रत्येक फाइलच्या तारखेतून ही अकराशे चौसष्ट कोटी सेकंदांची वजाबाकी होते, एकही सेकंद न चुकवता, आणि २०१६ च्या मे महिन्यात लिहिलेला अर्ज नव्या घरातही मे २०१६ चाच राहतो.